अडलं तिथे बोट

४ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं मागचं पत्र मी यंत्रात घातलं. रागावू नकोस, आधी ऐकून घे. तुला नीट ऐकू येत नाही म्हणून तर पत्र लिहितेय. फोनवर मी तुला पाण्याखालच्या बेडकासारखी ऐकू येते असं तू म्हणालीस, तेव्हापासून मी हळू आणि सुटंसुटं बोलायचा सराव करतेय, आणि आता ऑफिसात सगळे विचारतात की तब्येत बरी आहे ना.

तर यंत्र. मी संगणकावर काहीतरी करते एवढंच तू शेजाऱ्यांना सांगतेस. ते काहीतरी असं: मुलांसाठी आम्ही एक शोधखिडकी केली आहे. मूल तिथे प्रश्न टाइप करतं आणि इंटरनेटवरच्या हजारो पानांतून त्याला वाचता येतील तेवढीच पानं समोर येतात. कुठलं पान वाचता येईल हे माझं कोष्टक ठरवतं. वाक्य लांब असेल तर गुण कापायचे, शब्द मोठा असेल तर कापायचे, आमच्या दोन हजार सोप्या शब्दांच्या यादीत तो नसेल तर आणखी कापायचे. मग पानाला रंग मिळतो. हिरवं, पिवळं, नाहीतर लाल. लाल पान मुलांना दिसतच नाही.

तुझं पत्र लाल आलं. "वय अठरा आणि पुढे" असा शेरा आला. त्यातल्या एका वाक्यात त्रेसष्ट शब्द होते, आणि नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आपला पाना विसरून गेला एवढीच त्यात बातमी होती.

तुला एकटीला वाईट वाटू नये म्हणून मी माझा रजेचा अर्जही घालून पाहिला. तो तुझ्याहून लाल. माझ्या शेजारच्या टेबलावर एक गणिती बसतो. तो म्हणाला, "या अर्जात 'कदाचित' सात वेळा आहे. हा कुठल्याच वयासाठी नाही."

अठ्ठावीस फेब्रुवारीला समितीपुढे सगळं दाखवायचं आहे. त्यांना पटलं तर खिडकी सगळ्या शाळांत जाईल. सध्या चाळीस शाळांत चाचणी चालू आहे, आणि ऐक, तुझ्या नातीची, भिंगरीची शाळाही त्यात आहे! शाळेने दिलेल्या टॅबवर तिला ती दिसत असेल. आवडली का विचार. नावं ठेवली तर मला कळवू नकोस. नाही, कळव. पण सावकाश कळव.

तुझी,
स्वल्पविराम


१३ जानेवारी

स्वल्पविरामा,

पत्र मिळालं. वाचलं. आवडलं. चहा घेतला. नळ गळतो. मी बरी आहे.

झालं का हिरवं? आता माणसासारखं लिहिते.

तुझा बाप धरणांच्या कामावर, दर आठ महिन्यांनी नवं बिऱ्हाड, शाळा कुठलीच धड नाही, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत तुला मीच घरी शिकवलं, आणि रोज सकाळी तुझ्या दुधाच्या कपाखाली मी जे पत्र ठेवायचे ते या तुझ्या लाल पत्राहून लांब असायचं, आणि सहाव्या वर्षी तू ते वाचत होतीस, फक्त शब्दागणिक थांबत, म्हणून तर तुझं नाव हे पडलं. मोज आता. किती झाले?

आपला नियम आठवतो ना? अडलं तिथे बोट ठेवायचं आणि विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत बोट उचलायचं नाही. एकदा तू 'क्षितिज'वर बोट ठेवलंस आणि मी नेमकी पोस्टात गेले होते. परत आले तर तू तासाभरापूर्वी होतीस तशीच, दुधावर साय, डोळ्यांत पाणी, बोट जागच्या जागी. तेव्हाच मी ओळखलं की ही पोरगी आयुष्यात फार पुढे जाईल किंवा अजिबात हलणार नाही.

म्हणून विचारते. तुझ्या यंत्रात मुलं बोट कुठे ठेवतात?

भिंगरी सध्या माझ्याकडे आहे. थोडे दिवस राहील. खिडकीबद्दल विचारलं तर खांदे उडवले. हल्ली ती फारशी बोलत नाही.

आत्या


२२ जानेवारी

प्रिय आत्या,

चोपन्न. मोजले.

तुझा बोटाचा प्रश्न तीन दिवस पुरला. दात घासताना, जिन्यात, प्रमुखबाईंच्या बैठकीत. शेवटी तुला कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगते.

दहाव्या वर्षी मी पहिल्यांदा खऱ्या शाळेत गेले. पहिल्याच दिवशी बाईंनी धडा वाचायला उभं केलं. 'प्रतिबिंब' हा शब्द आला, अडला, आणि मी नियमाप्रमाणे बोट ठेवून थांबले. बाई म्हणाल्या, पुढे. मी थांबलेलीच. बाई म्हणाल्या, बोट काढ. मी कशी काढणार? उत्तर कुठे मिळालं होतं? वर्गातल्या बेचाळीस मुली हसल्या. पुढची तीन वर्षं शाळेत माझं नाव 'बोट' होतं. तुझ्याकडे सुट्टीत आले तेव्हा मी सांगितलं होतं की शाळा छान आहे.

तेव्हा मनाशी ठरवलं होतं की मोठी झाल्यावर असं काहीतरी करीन की कुठल्याच मुलाला कुठेच अडणार नाही. तेच केलंय. गणिती सांगत होता की लाल पानं लपवू नकोस, नुसती यादीत खाली टाक. हट्ट मी धरला. म्हटलं, दिसूच नयेत. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की आमच्याकडे मुलांना बोट ठेवायची वेळच येत नाही.

हे लिहिताना मला फार बरं वाटायला हवं होतं. पण एक गंमत झाली. मुलांनी काय टाइप केलं ते आम्हाला दिसतं, कोणी केलं ते दिसत नाही. गेल्या आठवड्यात एका मुलाने की मुलीने विचारलं, "कानाचं ऑपरेशन कसं करतात". आमच्याकडे त्यावर एकच हिरवं पान. "कान दुखतो. डॉक्टर कान बघतात. कान बरा होतो. छान!" शंभरात अठ्ठ्याण्णव गुण. मी ते नमुना म्हणून भिंतीवर लावलं आहे. त्या मुलाने तोच प्रश्न दोन दिवसांत अकरा वेळा विचारला. "कानाचं ऑपरेशन खरं कसं करतात." "कानाचं ऑपरेशन मध्ये काय करतात." प्रत्येक वेळी तेच पान. शेवटचा प्रश्न नुसता "सांगा ना".

आम्ही सगळे हसलो. मग मला हसू येईना, आणि भिंतीकडे पाठ करून बसता यावं म्हणून मी खुर्ची फिरवली. आता ऊन डोळ्यांवर येतं.

आणि शाळा चालू असताना भिंगरी तुझ्याकडे का? तुला काहीतरी झालंय आणि तू लपवतेस. खरं सांग.

तुझी,
स्वल्पविराम


२९ जानेवारी

स्वल्पविरामा,

मी ठणठणीत आहे. नळ तेवढा गळतो.

शाळेचं वाचून मी तुझ्या बाईंना मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर उतरवत नाही, नाहीतर तुझं यंत्र मला तुरुंगात धाडेल. पण तू तेरा वर्षं हे पोटात ठेवलंस याचा राग आला आहे, आणि तो भेटल्यावर काढीन.

दोन गोष्टी विचारते, सरळ उत्तर दे. ते "सांगा ना" कुठल्या दिवशी आलं? आणि कानाच्या ऑपरेशनबद्दल कुठेच दुसरं पान नाही, की आहे आणि तू लाल म्हणून झाकलंस?

आत्या


५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मला कळलं. मी रडले, मग डोळे धुतले, मग लिहायला बसले.

ते तूच टाइप केलंस. भिंगरीच्या टॅबवरून. म्हणून तुला दिवस हवा आहे (सोळा तारीख, दुपारी चार) आणि म्हणून भिंगरीला मदतीला ठेवून घेतलं आहेस. कानाचं ऑपरेशन तुझं आहे. इतक्या वर्षांनी तू तयार झालीस आणि मला सांगितलं नाहीस. मी घाबरून जाईन म्हणून ना? मी घाबरलेली नाही. कानांबद्दल जे मिळालं ते वाचून काढलं, आणि आता माझाही डावा कान थोडा ठणकतो आहे, पण ते सोड.

दुसरं पान आहे. शोधलं. कान-विभागात वीस वर्षं काम केलेल्या एका सिस्टरने लिहिलंय. लाल. एकेक वाक्य आगगाडीएवढं, आणि 'भूल' आणि 'ठिगळ' आमच्या यादीतच नाहीत. म्हणून मी दोन संध्याकाळी बसून ते तुझ्यासाठी हिरवं करून दिलं आहे. सोबत जोडते. एकाही वाक्यात सहापेक्षा जास्त शब्द नाहीत. यंत्राने सत्त्याण्णव गुण दिले. तुझे गुण कोणी मोजणार नाही, पण तुला वाचताना त्रास होऊ नये.

घाबरू नकोस. घाबरायचं काहीच कारण नाही.

तुझी,
स्वल्पविराम


११ फेब्रुवारी

बाई गं,

इतकी हुशार मुलगी इतकं चुकीचं इतक्या काळजीपूर्वक कसं शोधून काढते?

मला टाइप करता येत नाही. मला टॅब सुरू करता येत नाही. ते भिंगरीने विचारलं होतं.

तिच्या कानाच्या पडद्याला भोक आहे. वर्षभर कान वाहतोय, औषधांनी थांबत नाही. हॉस्पिटल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून तिला माझ्याकडे ठेवलं. अठरा जानेवारीला ऑपरेशन होतं. त्या सकाळी तिने बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि दोन तास दार उघडलं नाही. तिची आई रडली, मी दारावर थापा मारल्या, आणि ती आतून काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. मला. जी आजी म्हणून बाहेर उभी होते तिला.

तुला सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर तू कान धरून रजा टाकली असतीस. ठणकतोच आहे ना?

डॉक्टरांनी दहा मार्चची तारीख दिली आहे. म्हणाले, आणखी लांबलं तर आतली हाडं झिजतील, मग ऐकू येणं परत येणार नाही. या घरात एक बहिरी पुरे.

तुझं हिरवं पत्रक तिला दिलं. तिने वाचलं, चटकन वाचलं, एकदाही न अडता. मग म्हणाली, "आजी, हेपण लपवतंय." मी विचारलं कशावरून. "घाबरू नको असं तीन वेळा लिहिलंय. आणि कापतात कुठे ते एकदाही नाही."

आणि मला माझंच बोलणं ऐकल्यासारखं झालं. मी बावीस वर्षांची होते. हाच आजार. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही. चार वेळा म्हणाले. एवढी घोकंपट्टी करावी लागते म्हणजे कारण मोठंच असणार असं वाटून मी हॉस्पिटलच्या मागच्या दाराने निघाले ते सरळ घरी. अडलं तिथे बोट ठेवायचा नियम मी त्यानंतर केला. तुझ्यासाठी केला, स्वतःसाठी उशीर झाला होता.

त्या सिस्टरचं मूळ पान पाठव. जसंच्या तसं. हात लावू नकोस.

आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या, आणि प्रिय भिंगरी,

पान सोबत आहे. छापलेलं पाठवणार होते, पण भिंगरीला समासात जागा हवी म्हणून हाताने उतरवलं. उतरवताना हात फार शिवशिवला. तीन ठिकाणी मी नकळत पूर्णविराम देऊन वाक्य तोडलं होतं. ते खोडले आहेत. खाडाखोड दिसेल, ती माझी, सिस्टरची नाही.

भिंगरी, तुला ते हिरवं पान अकरा वेळा दाखवणारी मी. मी तुला सोपं दिलं, आणि तुला हवं होतं ते खरं. मोजण्यात मी कधी चुकत नाही, म्हणून आपण काय मोजतोय हे बघायचं राहिलं. तुला हसलेल्यांतही मी होते. तू कोण आहेस हे माहीत नव्हतं, पण माहीत नसताना हसणं जास्त वाईट, असं मला वाटतं. कदाचित.

हे पान वाचताना तू अडशील. अडलीस की तिथे बोट ठेव. जवळपास पेन असेल तर बोटाभोवती गोल काढ आणि मला पाठव. उत्तर मला येत नसेल तर ज्यांना येतं त्यांना विचारीन.

भिंतीवरचं अठ्ठ्याण्णव गुणांचं पान काढलं. खुर्ची परत फिरवली.

स्वल्पविराम


२२ फेब्रुवारी

स्वल्पमावशी,

मी पान वाचलं. दोन दिवस लागले. आजीला मोठ्यांदा वाचून दाखवलं, म्हणजे खूपच मोठ्यांदा, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि त्याही बसल्या.

सिस्टरने लिहिलंय की कानाच्या मागे चिरतात आणि नखाएवढं ठिगळ लावतात आणि जागं झाल्यावर डोक्याला पट्टी असते आणि पहिल्या दिवशी दुखतं आणि कानात पाणी गेलेलं चालत नाही. हे कोणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं की कान काढून ठेवतात.

तीन गोल केले आहेत.

पहिला, भूल. ती मध्येच संपली तर?

दुसरा, ठिगळ. ते कुणाचं असतं? कुणाकडून काढून घेतलेलं असलं तर मला नको.

तिसरा गोल पानावर नाही. तो आजीवर आहे. आजी म्हणाली ती तेव्हा पळाली. आता का नाही जात? मी विचारलं तर ती नळ बघायला गेली. मी तिला सांगितलंय, तू कान दाखवलास तर मी जाईन. नाहीतर कडी.

भिंगरी

ता. क. तुझं नाव शाळेत बोट होतं असं आजीने सांगितलं. माझं टपटप आहे, कान गळतो म्हणून.


१ मार्च

प्रिय टपटप,

मी त्या सिस्टरना फोन केला. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं होतं, तरी पहिलं मिनिट नुसती माफी मागण्यात गेलं. त्या म्हणाल्या, "अहो, प्रश्न विचारा ना." उत्तरं त्यांच्या शब्दांत:

भूल एकदा देऊन निघून जात नाहीत. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्या डोक्याशी बसून असतात, दुसरं काहीच करत नाहीत, आणि ऑपरेशन लांबलं तर भूलही लांबवतात. आणि ठिगळ तुझंच असतं, कानाच्या वरच्या भागातून, तिथल्या तिथे घेतलेलं. कुणाचं काही घ्यावं लागत नाही.

तिसऱ्या गोलाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यावरचं बोट मात्र उचलू नकोस.

आत्या, आता समितीचं ऐक. सहा जण, लांब टेबल, आणि भिंतीवर पडदा. प्रमुखबाईंनी पंधरा मिनिटं दिली होती. आधी मी "कान बरा होतो. छान!" दाखवलं. हिरवं. मग सिस्टरचं पान. लाल. मी म्हटलं, यातलं एक पान एका मुलीने अकरा वेळा वाचलं आणि तिला काहीच कळलं नाही. दुसरं तिने दोन दिवस घेऊन एकदाच वाचलं. माझं कोष्टक पहिल्याला चांगलं म्हणतं, आणि कोष्टक मी केलंय, लपवायचा हट्टही माझाच होता.

हे बोलताना मी 'भूल' या शब्दावर बोट ठेवलं होतं. पडद्यावर माझ्या बोटाची सावली हातभर लांब. प्रमुखबाई हळूच म्हणाल्या, "हात खाली घे." मी म्हटलं, "अजून उत्तर मिळालं नाही." आणि माझ्याच तोंडून हे ऐकून इतकी घाबरले की हात खाली घेणं जमेचना. कोणीतरी हसलं. मला वाटलं, आलं परत, बेचाळीस मुली.

टेबलाच्या टोकाला एक खडूस सदस्य होते. सकाळपासून फक्त घड्याळ बघत होते. ते सिस्टरचं पान मनात वाचायला लागले. ओठ हलताना दिसत होते. शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "पुढचं पान कुठे आहे?"

सगळ्या शाळांत खिडकी जाणार नाही. आणखी सहा महिने चाचणी. लाल पानं आता लपणार नाहीत, यादीत असतील. आणि पानावर कुठेही मुलाने बोट दाबून धरलं की प्रश्न विचारता येईल आणि तो जाणत्या माणसाकडे जाईल. गणिती विचारतो, या सोयीला नाव काय द्यायचं. मी म्हटलं, मला माहीत आहे, पण तू हसशील. तो हसला. चालतं.

प्रमुखबाई माझ्यावर नाराज आहेत. किती, ते मोजलं नाही.

दहा तारखेला मी रजा घेतलेली नाही. ऑफिसात बसून काम करणार आहे. करून दाखवीन.

स्वल्पविराम


१९ मार्च

स्वल्पविरामा,

दहा तारखेला भिंगरी आपल्या पायांनी आत गेली. जाताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही डोक्याशीच बसणार ना? मध्ये चहाला नाही ना जाणार?" ते म्हणाले, नाही. ती म्हणाली, लिहून द्या. त्यांनी दिलं. बाहेर मी सिस्टरचं पान वाचत बसले होते, आणि जागी झाल्यावर दुखेल असं त्यात आहे म्हणून ती दुखतं म्हणाली तेव्हा मला धीर आला. ठिगळ धरलंय. परवा पट्टी निघाली.

आता तिसऱ्या गोलाचं. पोरीने मला सोडलं नाही. कडीची धमकी ती कोणाकडून शिकली असं विचारणार होते, पण बोट न उचलण्याचं शिक्षण या घरात कोणी सुरू केलं ते मला माहीत आहे. मी कान दाखवले. ऑपरेशनची वेळ माझ्यासाठी गेली, पण डॉक्टरांनी यंत्र दिलंय, शेंगदाण्याएवढं. कालपासून घातलंय. नळ गळतो हे मला माहीत होतं, पण तो इतकी बडबड करतो हे नव्हतं. आणि भिंगरीचा आवाज मला वाटत होता तसा नाही. बराच गोड आहे, आणि त्याहून जास्त उद्धट.

तुझा मात्र मी आजवर बेडकासारखाच ऐकलाय. तेव्हा हे पत्र मिळालं की फोन कर. तो हळू बोलायचा सराव सोडून दे.

भिंगरी आत्ताच फोनच्या बटणावर बोट ठेवून बसली आहे. मी सांगितलं, टपालाला चार दिवस लागतात. ती म्हणते, चालेल.

आत्या